रविवारची सही

वेंडेल थार्प कामावर असताना कुणाच्या घरचं पाणीही पीत नसत. आखाताच्या किनाऱ्यावर ऑगस्ट महिन्यात हे व्रत पाळणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. लोक बर्फ घातलेला गोड चहा पुढे करत, ग्लासाच्या बाहेरून थेंब ओघळत असत, आणि हे गृहस्थ "नको, आभारी आहे" म्हणून कोरडा घसा खाकरत. गाडीच्या मागच्या सीटवर त्यांची स्वतःची बाटली असे, उन्हाने कोमट झालेली. मी एकदा वैतागून विचारलं, "साहेब, एका चहाने तुम्हाला विकत कोण घेणार आहे?" तर म्हणाले, "चहाने कुणीच घेत नाही, ग्लेंडाबाई. पण सुरुवात तिथूनच होते."

मी ग्लेंडा. राज्याच्या विमा खात्याचं किनाऱ्यावरच्या पाच तालुक्यांसाठी एक छोटं कार्यालय आहे, तिथे मी एकोणीस वर्षं कारकुनी केली. थार्पसाहेब तिथले तपासनीस. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागल्यापासून गाडी मी चालवायची, आणि जबाब घेताना दोन माणसं हवीत असा नियम असल्यामुळे शेजारी बसून लिहायचंही मीच. पगार मात्र एकाच कामाचा.

आमचं काम कुणाला समजावून सांगायचं म्हणजे मला अजूनही कंटाळा येतो. वादळात घर पडलं की विमा कंपनी आपला सर्व्हेअर पाठवते. तो कंपनीचा पगारी माणूस, त्याला फाटलेलं छत नेहमी अर्धंच फाटलेलं दिसतं. म्हणून आमच्याकडे घरवाल्यालाही आपला स्वतःचा सर्व्हेअर लावता येतो. तो घरवाल्याच्या बाजूने नुकसान मोजतो, कंपनीशी हुज्जत घालतो आणि त्याबद्दल ठरलेला वाटा घेतो. अशा माणसाला राज्याचा परवाना लागतो. परवाना घेतलेला माणूस सरळ वागतो की नाही, हे बघणं थार्पसाहेबांचं काम. सगळे सरळ वागत नाहीत हे वेगळं सांगायला नको. वादळानंतर वीज यायला दोन आठवडे लागतात, पण हे लोक तिसऱ्या दिवशी हजर असतात.

अकरा वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात एका माणसाच्या अंगावर ओकचं झाड पडून तो गेला. रविवारी त्याला पुरायचं होतं. बाहेरगावचा एक सर्व्हेअर काळा कोट घालून अंत्यविधीला आला, नातेवाइकांत मिसळला, रडलासुद्धा म्हणे, आणि चर्चच्या दारात शववाहिनीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्याने त्या विधवेची सही घेतली. बाईला वाटलं, पुरण्याच्या परवानगीचा कागद आहे. थार्पसाहेबांनी त्या माणसाचा परवाना घालवला, पण तेवढ्याने त्यांचं समाधान होईना. सुट्या टाकून, स्वतःच्या गाडीत पेट्रोल भरून ते सहा वेळा राजधानीला गेले. तिथे आमदारांच्या दारात ताटकळले, आणि शेवटी नियम करून घेतला. घरवाल्यांच्या सर्व्हेअरने काम मागायला किंवा करारावर सही घ्यायला रविवारी कुणाच्या दारी जायचं नाही. इतर दिवशी सकाळी आठच्या आधी नाही, रात्री आठनंतर नाही. सर्व्हेअर मंडळी त्याला चेष्टेने "थार्पचा रविवार" म्हणत. साहेबांना ते मनातून आवडत असावं, कारण कुणी तसं म्हटलं की त्यांचे कान लाल होत.

कंपनीच्या सर्व्हेअरना हा नियम लागू नव्हता. तेवढं राजधानीत कुणी ऐकलं नाही. "पुढच्या वेळी बघू," असं म्हणाले होते, आणि ती पुढची वेळ अजून यायची आहे.

खुद्द साहेबांच्या घराचं सांगायचं तर त्यांच्या छतावर दोन वर्षं निळी ताडपत्री होती. कंपनीने त्यांनाही गुंडाळलं होतं. दुसरा कुणी असता तर त्याने सर्व्हेअर लावला असता. यांना कसा लावता येणार? ज्याला लावायचा, त्याचीच उद्या चौकशी करायची वेळ यायची. भिंतींना बुरशी धरली, त्यांच्या बायकोला, नोरीनला, दम्याचा त्रास होऊ लागला आणि ती बहिणीकडे जॉर्जिया राज्यात जाऊन राहिली. ती काही भांडून गेली नव्हती. दर शनिवारी फोन करायची. मला तरी असा नवरा पाहून संतापच आला असता.

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात पुन्हा वादळ झालं आणि ऑक्टोबरच्या अखेरीला टेबलावर तक्रारींचा ढीग पडला. त्यात एक तक्रार व्हर्लीन गॅस्किनविरुद्ध होती. मी कागद वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला. व्हर्लीन म्हणजे आमच्या पाच तालुक्यांत जिच्याविरुद्ध एकतीस वर्षांत एकही कागद आला नव्हता अशी एकमेव सर्व्हेअर. वय एकाहत्तर. जुन्या गळ-आमिषाच्या दुकानात तिचं ऑफिस, दारावर अजून मासा रंगवलेला. ती शिडीवर स्वतः चढायची. नवीन परवानेवाल्यांना साहेब सांगत, "शंका आली तर व्हर्लीनबाईंना विचारा, मला विचारू नका."

तक्रार कंपनीच्या वकिलाची होती आणि ती फार सुबक होती. इडेला पिटमन नावाच्या त्र्याऐंशी वर्षांच्या बाईंच्या घरी कंपनीचा माणूस सोमवारी सकाळी साडेसातला तडजोडीचा कागद घेऊन गेला. तेव्हा त्या बाईंनी व्हर्लीनशी केलेला करार त्याच्या नाकासमोर धरला. करारावर तारीख त्याच सोमवारची. वकिलाने एवढंच विचारलं होतं की आठच्या आधी जर सही घेता येत नाही, तर साडेसातला हा करार आला कुठून?

या धंद्यात एकतीस वर्षं घालवलेल्या बाईने ही चूक करावी! सोमवारची तारीख टाकली, पण सोमवारही आठला सुरू होतो हे विसरली.

"दोनच शक्यता," साहेब गाडीत म्हणाले. "सोमवारी पहाटे सही घेतली असेल, तर वेळेचा भंग. दंड आणि समज, संपलं. रविवारी घेऊन सोमवारची तारीख टाकली असेल, तर खोटा दस्त. मग परवाना जातो."

"मग सोमवारी पहाटेच घेतली असणार," मी म्हटलं.

"असावी," ते म्हणाले. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढून "असावी" हा शब्द मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकला होता.

इडेलाबाईंचं घर खाडीच्या कडेला. छतावर ताडपत्री, अंगणात ओल्या गाद्या, आणि दारात स्वतः इडेलाबाई, लिपस्टिक लावून. पाहुणे येणार म्हणून त्यांनी पेकनचे दाणे घातलेला केक केला होता. बैठकीच्या खोलीत छताचं प्लास्टर गळून लाकडं दिसत होती, खाली तीन पातेली मांडलेली. त्यातल्या एकाला वळसा घालून आम्ही सोफ्यावर बसलो.

"आधी केक," त्या म्हणाल्या.

"आम्हाला चालत नाही, बाई," साहेब म्हणाले.

"साखर आहे का तुम्हाला?"

"नाही. नियम आहे."

"अगंबाई, केकवर पण नियम?" त्या माझ्याकडे वळल्या. "पोरी, हे घरी पण असेच का गं?"

"घरी विचारायला कुणी नसतं," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

साहेबांनी वही उघडली. मी ठरलेली वाक्यं वाचून दाखवली की हा जबाब आहे, खरं सांगायचं आहे, न सांगण्याचाही अधिकार आहे. इडेलाबाई खुर्चीत सरसावून बसल्या. त्यांना वाटत होतं की व्हर्लीनला काहीतरी मान मिळायचा आहे आणि सरकारी माणसं त्याची चौकशी करायला आली आहेत. मी दोनदा सांगितलं की तक्रार आहे. "हो हो, तक्रार," त्या म्हणाल्या, "त्या कंपनीवाल्याचीच ना? त्याची करायलाच हवी. साडेसातला येतात का कुणाकडे? मी केसही विंचरले नव्हते."

"व्हर्लीनबाई तुमच्याकडे कधी आल्या?" साहेबांनी विचारलं.

"तेच तर सांगते. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, आज सुट्टी आहे, उद्या बघू. व्हर्लीन तशी नाही. चर्चमध्ये मी तिला नुसतं म्हटलं, की उद्या कंपनीचा माणूस यायचाय, सही कर म्हणतोय, मला काही कळत नाही. तर जेवायलासुद्धा थांबली नाही बिचारी. बाकीचे सगळे तळलेल्या कोंबडीवर तुटून पडलेत, आणि ही माझ्याबरोबर गाडीत. रविवारचे चांगले कपडे अंगावर, तशीच माळ्यावर चढली."

माझं पेन चालत होतं. साहेबांचं थांबलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "त्या माळ्यावर चढल्या त्या रविवारी. कळलं. पण करारावरची सही. ती दुसऱ्या दिवशी झाली का? सोमवारी, उजाडताना?"

"छे, तेव्हाच. याच टेबलावर."

मग मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता असा प्रश्न त्यांनी विचारला. "नीट आठवा. घाई नाही. वादळानंतर दिवसांचा गोंधळ होतो माणसाचा. माझाही होतो. सोमवार नव्हता ना तो?"

इडेलाबाई दुखावल्या. त्र्याऐंशीव्या वर्षी माणसाला आणखी काय राखायचं असतं? "माझं छत गेलंय, थार्पसाहेब, डोकं नाही गेलेलं," त्या म्हणाल्या. उठल्या, फ्रिजवरच्या चुंबकाखालून एक कागद काढला आणि साहेबांच्या हातात ठेवला. चर्चमध्ये दर रविवारी वाटतात तो प्रार्थनेचा कागद. वर त्या रविवारची तारीख छापलेली, मागच्या कोऱ्या बाजूवर व्हर्लीनच्या तिरक्या अक्षरात माळ्याची मापं, कुठली तुळई कुजली, कुठे पाणी शिरलं, आणि तळाशी लिहिलेलं: "करार सही झाला, दु. १.४०. इडेला, उद्या तो माणूस आला की हा करार दाखव आणि दुसऱ्या कशावरही सही करू नकोस."

"बघा, किती काळजीने लिहिलंय," इडेलाबाई म्हणाल्या. "हे पण घ्या. वर दाखवा तुमच्या लोकांना. असं माणूस मिळत नाही म्हणावं."

साहेबांनी कागद घेतला. पावती लिहून दिली. नियमाप्रमाणे जबाब वाचून दाखवावा लागतो. मी वाचत होते आणि त्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या. मध्ये एकदा मला थांबवून त्यांनी "चांगले कपडे" च्या जागी "निळा रेशमी ड्रेस" असं घालायला लावलं. मग खाली सही केली, ठळक, शाळेत शिकवलेल्या अक्षरात.

परत येताना तो कागद पाकिटात, पाकीट साहेबांच्या मांडीवर. खाडीवरचा लांब पूल लागला. माझ्या बाजूची काच उघडी होती, त्यांच्याही.

"साहेब," मी म्हटलं, "वारा फार आहे. कागद हलका आहे."

पूल अर्धा ओलांडून झाला.

"काच वर घ्या, ग्लेंडाबाई," ते म्हणाले, आणि स्वतःचीही वर घेतली.

व्हर्लीन ऑफिसात शिडी दुरुस्त करत बसली होती. आम्हाला पाहून तिने पक्कड खाली ठेवली. ती साहेबांहून सात वर्षांनी मोठी, आणि त्यांना अरे-तुरे करणारं आमच्या धंद्यात तेवढं एकच माणूस होतं.

"ये वेंडेल. चहा विचारत नाही, तू पिणार नाहीस. ग्लेंडा, तुला देते."

मला तहान लागली होती, पण मी नको म्हटलं. त्या दिवशी ते बरं दिसलं नसतं.

साहेबांनी ते ठरलेलं सगळं वाचलं. मग म्हणाले, "व्हर्लीनबाई, मला इडेलाबाईंनी काय सांगितलं ते मी तुम्हाला अजून सांगितलेलं नाही. आधी तुमचं ऐकतो. सही कधी घेतली?"

मला वाटतं, तो त्यांनी तिला दिलेला शेवटचा रस्ता होता. एका त्र्याऐंशी वर्षांच्या बाईची आठवण आणि एक चिठोरा, त्याविरुद्ध एकतीस वर्षांचा स्वच्छ परवाना. ती सोमवार म्हणाली असती, तर निदान दोन्ही बाजू लिहिता आल्या असत्या. व्हर्लीनने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या पाकिटाकडे पाहिलं.

"रविवारी," ती म्हणाली. "एक चाळीसला."

"तारीख सोमवारची का?"

"तुझ्यामुळे," ती हसली. "तुझा रविवार आहे ना तो? तुझ्या रविवारी सही घेतली असं लिहायला माझा हात धजेना. लाज वाटली म्हण हवं तर. आठ वाजायची गोष्ट डोक्यातून पार निघून गेली. वय झालं बघ."

"नुसतं सांगायचं होतं ना तिला, सही करू नकोस म्हणून," मी मध्येच बोलले. माझा काही अधिकार नव्हता.

"इडेलाला?" व्हर्लीन म्हणाली. "अगं, तिने त्या माणसाला नाश्ता करून घातला असता, वर पाहिजे तिथे सही दिली असती. कुणी चांगला शर्ट घालून आला की तिला नाही म्हणता येत नाही. करार झालेला असला म्हणजे माझ्याशिवाय तिची सही घेता येत नाही त्याला. मला दुसरा उपाय दिसला नाही. आणि तो साडेसातला येऊ शकतो, मी आठपर्यंत गाडीत बसून राहायचं. हा कुठला न्याय रे वेंडेल?"

"नाही आहे न्याय," साहेब म्हणाले. "मी सांगितलं होतं त्यांना."

"माहीत आहे मला, तू सांगितलं होतंस ते."

दोन दमलेली म्हातारी माणसं, मध्ये एक मोडकी शिडी. बाहेर कुणाचा तरी जनरेटर घरघरत होता. मग व्हर्लीननेच विचारलं, "इडेलाला कळलंय का, तिच्या बोलण्याने काय झालं ते?"

"नाही. त्यांना वाटतंय, त्या तुमची तारीफ करतायत."

"मग कळू देऊ नकोस. मरेपर्यंत मनाला लावून घेईल ती."

साहेबांनी मान हलवली नाही. असं वचन देणं त्यांच्या कामात बसत नव्हतं.

त्या आठवड्यात मी त्यांच्याशी भांडले. भांडले म्हणजे मी बोलले आणि त्यांनी ऐकून घेतलं. म्हटलं, चोर मोकळे फिरतात, ज्यांनी शेकडो लोकांना लुबाडलं ते कागद चोख ठेवतात म्हणून सुटतात, आणि तुम्ही या बाईला धरता? अहवालात एवढंच लिहा ना, की साक्षीदाराचं वय झालेलं आहे. ते म्हणाले, "ग्लेंडाबाई, त्या शववाहिनीवाल्यानेही मला कारण सांगितलं होतं. त्याची बायको आजारी होती, हॉस्पिटलचं बिल होतं. खरं असेलही. मी ऐकून घेतलं नाही. आता हे कारण मला पटतंय, कारण माणूस माझ्या ओळखीचं आहे." मग चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, "मला काय हे लिहायची हौस आहे?"

हे सगळं खरं, आणि तरीही मला वाटतं की त्यांचं चुकलं.

अहवाल त्यांनी स्वतः टाइप केला, दोन बोटांनी. सगळं खरं लिहिलं. शेवटी शिफारस केली की हेतू घरमालकाच्या भल्याचा होता, म्हणून शिक्षा कमीत कमी असावी.

जानेवारीत राजधानीत सुनावणी झाली. व्हर्लीनने वकील लावला नाही. निळा रेशमी ड्रेस घालून आली आणि पहिल्याच मिनिटाला सगळं कबूल करून बसली. कंपनीच्या वकिलाचं तेवढ्याने भागलं नाही. त्याने साहेबांना उभं केलं. हातात माझ्या अक्षरातला जबाब.

"साक्षीदाराने सही रविवारी झाली असं स्पष्ट सांगितल्यावर तुम्ही पुन्हा तोच प्रश्न विचारलात. 'दिवसांचा गोंधळ होतो' असंही म्हणालात. का?"

ते वाक्य मी जबाबात लिहायला नको होतं. पण साहेबांच्या हाताखाली एकोणीस वर्षं काढली होती. बोललेलं लिहायचं, एवढंच मला येत होतं.

"खात्री करून घ्यायला," असं ते म्हणू शकले असते. कुणाला संशयही आला नसता. साहेब उभे होते, कोट खांद्यांवर ढगळ झालेला.

"कारण त्यांनी सोमवार म्हणावं असं मला वाटत होतं," ते म्हणाले.

सुनावणी घेणाऱ्या तिघांनी वर पाहिलं. व्हर्लीन मागून पुटपुटली, "अरे गाढवा." प्रेमाने म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

निकाल तीन आठवड्यांनी टपालाने आला. व्हर्लीनचा परवाना एक वर्षासाठी स्थगित. एकाहत्तराव्या वर्षी, गुडघे गेलेल्या बाईला एक वर्ष म्हणजे कायमचंच झालं. तिने दुकान विकून टाकलं. इडेलाबाईंशी केलेला करार रद्द. आणि तपासनीस थार्प यांच्या सेवापुस्तकात ताशेरा, सव्वीस वर्षांतला पहिला, निवृत्तीला आठ महिने असताना. तो कागद मीच फायलीला लावला. छिद्रं पाडायच्या यंत्रात तो वाकडा बसला तरी सरळ केला नाही. साहेबांनी पाहिलं. त्या दिवसांत ते एकूणच कमी बोलत. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटून राहत. झोपलेले नसत, मला माहीत होतं, कारण बोटांनी टेबलाची कड धरलेली असे.

एप्रिलमध्ये, एका मंगळवारी, जेवायच्या सुट्टीच्या आधी फोन वाजला. बाहेरचे फोन साहेब स्पीकरवर घेत, दोघांनी ऐकलेलं बरं म्हणून.

"थार्पसाहेब का? मी इडेला पिटमन. ओळखलंत की नाही? माझा केक न खाता गेला होतात."

"ओळखलं, बाई. बऱ्या आहात ना?"

"मजेत. पुढच्या बाजूचं छत झालं. व्हर्लीनचा तो करार सरकारने का कोण जाणे रद्द केला, मग त्या कंपनीवाल्यानेच मिटवलं सगळं. पुढच्या बाजूपुरतंच दिलं त्याने. मागच्या खोलीत पाणी येतं, पण मी तिकडे जातच नाही. मुलगा माणुसकीचा आहे हो तो, परवा मला कुंडी घेऊन आला होता." त्यांनी श्वास घेतला. "मी फोन केला तो व्हर्लीनसाठी. तिने काम सोडलं. मला म्हणते, गुडघे. मी म्हटलं, गुडघे माझेही गेलेत, मी सोडलंय का काही? काहीतरी बिनसलंय तिचं. म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं. मी तिच्याबद्दल जे चांगलं सांगितलं होतं, ते तुम्ही वर पोचवलंत ना?"

"प्रत्येक शब्द पोचवला, बाई."

"तो चर्चचा कागदही?"

"तोही."

"मग? झाला का त्याचा तिला काही उपयोग?"

साहेबांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. मी त्यांच्याकडे बघत होते. या माणसाने मोतीबिंदू असताना डोळ्यांच्या तपासणीत अक्षरं दिसत नाहीत म्हणून सांगून स्वतःचा गाडीचा परवाना घालवला होता. तीन अनोळखी माणसांसमोर उभं राहून स्वतःवर ताशेरा ओढून घेतला होता. फोनमधून इडेलाबाईंच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"ऐकू येतंय ना?" त्यांनी विचारलं. "माझ्या बोलण्याचा उपयोग झाला का तिला?"

"झाला, बाई," साहेब म्हणाले. "खूप उपयोग झाला."

"बघा! मला वाटलंच होतं. लोक चांगलं बोलायला कचरतात, कुणीतरी बोलायला हवं की नाही?"

"हवं, बाई."

"या कधीतरी. नोकरी सुटली की केक चालेल ना?"

"चालेल," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आमच्याकडे आलेल्या प्रत्येक फोनची नोंद लागते. कोणाचा, किती वाजता, काय विचारलं, काय सांगितलं. साहेबांनी चष्मा चढवला, माझ्या वहीकडे पाहिलं आणि वाट बघत बसले. त्यांनी कधी मला अमुक लिहू नका असं सांगितलं नव्हतं, आणि आताही सांगितलं नाही. मी पेनाला टोपण लावलं आणि डबा घेऊन जेवायला गेले.

त्या मंगळवारी सकाळी अकरानंतर आमच्या कार्यालयात एकही फोन आलेला नाही. दप्तरात बघा हवं तर.